पहिले गिऱ्हाईक अनोळखी असावे

आमच्याकडे सल्ला मागावयास येणाऱ्या तरुणांचे प्रश्न अलीकडे बदलले आहेत. कोणत्या परीक्षेला बसावे, कोणत्या खात्यात जागा निघाल्या आहेत, असे विचारणाऱ्यांच्या जोडीला आता ‘धंदा कोणता करू?’ असे विचारणारी मुलेमुली येऊ लागली आहेत. ज्या समाजाने कित्येक वर्षे सरकारी नोकरीलाच प्रतिष्ठेची एकमेव शिडी मानले, त्या समाजात हा प्रश्न उघडपणे विचारला जाणे आम्हाला मोलाचे वाटते. मात्र त्यामागून येणारे प्रश्न ठरलेले असतात. कर्ज कोठून मिळेल? अनुदान किती टक्के? नोंदणी कोणत्या नावाने करावी? बोधचिन्ह कसे असावे? ‘माझा माल घेणार कोण?’ हा प्रश्न बहुधा आम्हालाच विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : ‘आपलीच माणसे घेतील की!’

या उत्तराशी आमचा मतभेद आहे. आपल्या माणसांनी आपला माल घ्यावा, जरूर घ्यावा. परंतु ज्या धंद्याची परीक्षा केवळ आपल्याच माणसांपुढे होते, तो उत्तीर्ण झाला की नापास, हे कधी कळतच नाही. मामा दोन पाकिटे नेतो ते भाच्याच्या कौतुकापोटी. वर्गमित्र नेतो ते जुन्या वसतिगृहाच्या आठवणीपोटी. चटणी खारट झाली तरी मामा तसे सांगत नाही. तो पुढच्या वेळी केवळ फोन उचलत नाही. उलट, ज्याला आपले नाव-गाव ठाऊक नाही अशा माणसाने पदरचे पैसे मोजून माल नेला, आणि महिन्याभराने तोच माणूस पुन्हा आला, तर त्या दिवशी धंदा सुरू झाला असे आम्ही मानतो. उद्घाटनाची फीत त्यापूर्वी कितीही वेळा कापलेली असो.

हे लिहिणे सोपे आहे, याची आम्हाला जाणीव आहे. अनोळखी गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहण्याचा आपल्याकडील संकोच हा निव्वळ लाजाळूपणा नव्हे; त्यामागे इतिहास आहे. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेअर व रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन आलेला हा सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद करावा लागला. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. हे सारे आपण अभिमानाने सांगतो. त्या बंद पडलेल्या व्यवसायाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. धंद्यात उतरू पाहणाऱ्याने तोच प्रसंग नीट अभ्यासावा, असे आमचे मत आहे. मालात खोट नव्हती, गिऱ्हाइकाची गरजही खरी होती. मध्ये आडवे आले ते विक्रेत्याचे नाव.

आज शंभर वर्षांनंतर ती अडचण पुरती गेली आहे असे आम्ही म्हणणार नाही. खाद्यपदार्थांच्या धंद्यात ती अधिक जाणवते. पाकिटावर आडनाव घालू की नको, असे कुजबुजत विचारणारी मुले आम्हाला भेटतात. आमचे उत्तर असे की, मालाला स्वतःचे, उच्चारायला सोपे, आठवणीत राहणारे नाव द्यावे. ते आडनावच असले पाहिजे असे कोठे लिहिलेले नाही. पण लपवाछपवी करू नये. ते शक्यही नाही, कारण बंद पाकिटावर उत्पादकाचे किंवा ते पाकीट भरणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे कायद्याने बंधनकारक आहे. जो धंदा लपण्यावर उभा राहतो तो रोज भीतीत जगतो. त्यापेक्षा सुरुवातीला दार निवडावे.

काही गिऱ्हाइके विकणाऱ्याचे तोंड पाहून घेतात, तर काही माप पाहून घेतात. कारखान्याला हातमोजे हवे असतात, रुग्णालयाला चादरी, बांधकाम व्यावसायिकाला सिमेंटचे ब्लॉक, कंपनीच्या कँटीनला रोज सकाळी नऊ वाजता पाचशे चपात्या. चपात्या साडेनऊला आल्या तर तेथे कोणाचीही जात आड येत नाही आणि कोणाचीही जात वाचवीतही नाही. नव्या माणसाने अशा मापाच्या गिऱ्हाइकापासून आरंभ करावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. तेथे मालाचा दर्जा, वजन व वेळ यांची शिस्त अंगी बाणते. मग किरकोळ बाजारात उतरणे सुकर होते.

सरकारी खरेदी हेही मापाचेच दार आहे. २०१२ पासून केंद्राची मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदी करण्याचे धोरण लागू आहे. त्यानुसार वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून व्हावयास हवी. त्यात ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के स्त्री-उद्योजकांसाठी आहे. त्यासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी संगणकावर विनामूल्य होते. तिच्यासाठी दलालाला दोन-तीन हजार मोजण्याचे काहीही कारण नाही. ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर आपला माल मांडता येतो. परंतु या वाट्यामुळे केवळ दार उघडते. आत गेल्यावर दर, माप आणि मुदत यांतून कोणाचीही सुटका नाही, आणि नसावीही.

या दारातून जाणाऱ्याने एक गोष्ट मनाशी बांधावी : बिल वेळेवर मिळेलच असे धरून चालू नये. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात; न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. पण कायदा खिशात असणे निराळे आणि पैसे खिशात असणे निराळे. पहिल्याच मोठ्या ऑर्डरीत सारे भांडवल अडकवून मग बिलासाठी हेलपाटे घालणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. एका गिऱ्हाइकाकडे आपल्या भांडवलाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम अडकू देऊ नये. हा आकडा कोणत्या ग्रंथातला नाही; आमच्या अनुभवातला आहे.

माल कसा असावा व सुरुवात किती लहान असावी, याचे उदाहरण मुंबईतच आहे आणि ते बहुतेक वाचकांच्या स्वयंपाकघरात आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. त्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. तोच पुढे लिज्जत पापड झाला. ही कथा आपण अनेकदा ऐकली आहे, पण भाषणांत ‘ऐंशी रुपयांतून कोट्यवधी’ एवढेच सांगितले जाते आणि खरे शिकण्याजोगे ते गळते. पापड भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विक्रीला गेले. व्यापारी ओळखीचा होता, पण त्याच्याकडून पापड नेणारी घरे अनोळखी होती. या स्त्रियांनी आरंभीच ठरविले की तोटा झाला तरी कोणाकडून देणगी घ्यावयाची नाही. सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करीत, एक चांगला व एक हलका, हलका स्वस्तात विकण्यासाठी. छगनलाल करमशी पारेख ऊर्फ छगनबाप्पा यांनी त्यांना सांगितले की एकच पापड करा, उत्तम करा, आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने थांबले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि काम चालू राहिले.

आम्हाला या कथेतील खाट आणि स्टोव्ह सर्वांत अधिक आवडतात. आज एखादा तरुण याच अडचणीत सापडला तर प्रथम वाळवणी यंत्राचे दरपत्रक मागवील, मग प्रकल्प अहवाल करून घेईल, मग बँकेत जाईल. तोवर दुसरा पावसाळा येईल.

देणगी न घेण्याचा निर्णयही आपल्या काळजाला भिडावा असा आहे. आपल्याकडे विक्रीचे एक वाक्य फार रूढ झाले आहे : ‘समाजातला मुलगा आहे, घ्या त्याच्याकडून.’ या वाक्यावर माल एकदा खपतो. दुसऱ्यांदा तो खपण्यासाठी माल चांगलाच असावा लागतो, आणि माल चांगला असेल तर ते वाक्य लागतच नाही. शिवाय त्याने विकणाऱ्याचीही हानी होते. गिऱ्हाईक उपकार करीत आहे असे त्याला वाटू लागते, आणि मग तो दर सांगतानाच खाली पाहतो.

दराचा विषय निघालाच आहे, तर तेथे थोडे थांबू. नव्या उद्योजकांची जेवढी पडझड आम्ही पाहिली त्यांतील बहुतेक खराब मालामुळे झालेली नाही. चुकीच्या दरामुळे झाली आहे. समजा, घरी केलेल्या मसाल्याचे २०० ग्रॅमचे पाकीट आहे. कच्चा माल ३८ रुपये, पाकीट व लेबल ५, दळणे-कांडणे ४, गॅस-वीज २, वाहतूक ३, वाया जाणारा माल ३. एकूण ५५ रुपये. उद्योजक ८० रुपये किंमत ठेवतो, ओळखीच्यांना घरूनच विकतो आणि पाकिटामागे २५ रुपये सुटले म्हणून खूश होतो. मात्र या हिशेबात त्याची किंवा त्याच्या आईची मजुरी धरलेली नाही. ती पाकिटामागे १० रुपये धरली तर खर्च ६५ होतो. आता हे पाकीट दुकानात ठेवावयाचे आहे. दुकानदार छापील किमतीवर २० टक्के मागतो, वितरक ८ टक्के. म्हणजे ८० रुपयांतील १६ व ६ रुपये ४० पैसे गेले; हाती आले ५७ रुपये ६० पैसे. प्रत्येक पाकिटामागे ७ रुपये ४० पैशांचा तोटा, आणि विक्री जितकी अधिक तितका तोटा अधिक. कराचा हिशेब तर यात धरलेलाच नाही. छापील किंमत १०० रुपये असती तर हाती ७२ आले असते व पाकिटामागे ७ रुपये उरले असते. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण मांडणी हीच : दुकानात ठेवावयाचा माल असेल तर दुकानदाराचा वाटा पहिल्या दिवसापासून किमतीत धरलाच पाहिजे, मग तूर्त आपण घरूनच विकत असलो तरीही. एकदा ८० ला विकलेले पाकीट पुढे १०० ला विकणे म्हणजे त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा नव्याने जिंकणे होय. आणि आईची मजुरी धरावीच. ती फुकट मिळते म्हणून धंदा फायद्यात दिसतो, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात दुकानदारावरची दोन छोटी सुत्ते आहेत. या विषयाशी त्यांचा थेट संबंध आहे म्हणून येथे उल्लेख करतो. त्यांतील एकात दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. तो डोळस असावा, म्हणजे हा माल इतक्याला घेतला, इतक्याला विकला तर इतके मूळ धन व इतका नफा होईल, हे त्याला कळावे. तो घेण्या-विकण्यात कुशल असावा. आणि त्याला आधार असावा, म्हणजे पैसेवाल्या लोकांना त्याची पात्रता पटून त्यांनी विश्वासाने त्याच्या हाती भांडवल सोपवावे. क्रम पाहण्याजोगा आहे. भांडवल तिसरे येते, हिशेबाचा डोळा पहिला. दुसऱ्या सुत्तात सांगितले आहे की जो दुकानदार सकाळी, दुपारी व संध्याकाळी कामात लक्ष घालत नाही त्याला धन मिळत नाही व मिळालेले वाढत नाही. दुपारी शटर ओढून झोपणाऱ्या आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे.

आता मालाची वार्ता अनोळखी माणसापर्यंत पोहोचवावी कशी? आजकाल याला मार्केटिंग म्हणतात आणि त्याचा अर्थ समाजमाध्यमांवर चित्रे टाकणे असा घेतला जातो. चित्रे टाकण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो : हा माल नेमका कोणाला हवा आहे? ‘सगळ्यांनाच’ हे उत्तर म्हणजे अद्याप विचार झालेला नाही याची कबुली होय. मराठवाड्यातील येसराचे उदाहरण घ्या. लातूर-बीडकडे येसर घरोघरी होते; तेथे ते विकावयास निघणे म्हणजे नदीकाठी पाणी विकणे. परंतु त्याच जिल्ह्यांतून नोकरीसाठी पिंपरी-चिंचवडला गेलेल्या घरांत येसराच्या आमटीची आठवण आहे, भाजण्या-दळण्याला वेळ नाही आणि हाती पगार आहे. तेच येसर, तीच आजीची कृती. गिऱ्हाईक मात्र शेकडो किलोमीटर दूर. त्याच्यासाठी पाकिटावर ‘परंपरेची चव’ असे काही लिहिण्यापेक्षा ‘चार माणसांच्या आमटीला तीन चमचे’ असे लिहिलेले शतपटीने उपयोगी.

आम्ही असेही पाहतो की आपला तरुण स्वतःच्या कष्टांची कहाणी सांगून विकतो. किती अडचणीतून शिकलो, किती रात्री जागलो. कहाणी खरी असते, आम्हाला ती भावतेही; पण गिऱ्हाइकाला त्याच्या घरची अडचण सुटावयास हवी असते. सौर पंप बसवून देणाऱ्याने शेतकऱ्याला सांगावे की बिघाड झाल्यास मी किती तासांत बांधावर पोहोचेन. शिवणकाम करणाऱ्या मुलीने सांगावे की लग्नाच्या चार दिवस आधी ब्लाउज हातात पडेल, आणि ते पाडावे.

सवलत देऊन बाजारात शिरू नये. नवा माणूस किंमत उतरवतो तेव्हा जुना व्यापारी त्याहून खाली उतरू शकतो, कारण त्याचा खिसा खोल असतो. त्याऐवजी लहान नमुना फुकट द्यावा आणि आठ दिवसांनी स्वतः जाऊन विचारावे : याआधी काय वापरत होता? यात काय कमी वाटले? उत्तर वहीत लिहून ठेवावे. गिऱ्हाइकांची वही ही उद्योजकाची खरी मालमत्ता होय. नाव, फोन, काय नेले, केव्हा नेले, एवढे चार रकाने पुरेत. महिनाभर पुरणारे पाकीट नेलेल्या घरी पंचविसाव्या दिवशी एक संदेश जावा. रोज सकाळी फुलांची चित्रे पाठवू नयेत. त्याने माणूस आपला क्रमांक बंद करतो. गूगलच्या नकाशावर दुकान, वेळ व छायाचित्र नोंदवणे विनामूल्य आहे; ते आजच करावे. पैसे देऊन जाहिरात करणे मात्र तोवर थांबवावे, जोवर दहा अनोळखी गिऱ्हाइकांपैकी चार-पाच आपणहून परत येत नाहीत. गळक्या हंड्यात पाणी ओतण्यापूर्वी हंडा सांधून घ्यावा.

या वहीवाचून किती जाते, हे पाहावयाचे असेल तर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या रांगांतून फिरावे. लाखो लोक येतात, दुरून येतात, शिदोरीसोबत पुस्तकासाठी पैसे बाजूला ठेवून येतात. वाचनावर इतके प्रेम करणारे गिऱ्हाईक कोणत्याही मोठ्या प्रकाशकाला हेवा वाटावा असे आहे. आपले छोटे प्रकाशक व विक्रेते त्या दोन-तीन दिवसांत भरपूर विकतात आणि गाडी भरून परत जातात. अकोल्याहून आलेल्या त्या शिक्षिकेने कोणती चार पुस्तके नेली, तिला पुढचे कोणते हवे असेल, याची नोंद सहसा कोणाकडेच नसते. पुढील वर्षी ती आली तर आली. वर्षातील उरलेले तीनशे साठ दिवस तो धंदा झोपलेला असतो.

गिऱ्हाईक कोणाच्या ताब्यात आहे, यावर पैसा कोणाकडे जाणार हे ठरते. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट या जिल्ह्यांतील कारागिरांचा त्या नावावर हक्क आहे. तरीही जोडावर तो बनवणाऱ्याचे नाव सहसा नसते. पेटीवर नाव असते ते दुकानाचे, आणि पुढचा जोड घेण्यासाठी गिऱ्हाईक दुकानातच जाते. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथील फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच वहाणा कोल्हापूरचे नावही न घेता मांडल्या, तेव्हा आपल्याकडे मोठा संताप झाला व कंपनीने मागाहून भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले. संताप रास्तच होता. पण जवळच्या बाजारपेठेतही कारागीर बिननावाचाच राहतो, त्याबद्दल आपण कितीसे बोलतो? आपल्यातील जी मुले वाणिज्य वा संगणक शिकली आहेत त्यांनी स्वतः चपला शिवाव्यात असे आम्ही म्हणत नाही. चार कारागिरांचे नाव, छायाचित्र व फोन जोडाबरोबर जाईल एवढी व्यवस्था उभी केली तरी तो एक स्वतंत्र आणि चांगला धंदा होईल.

उधारीविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही, कारण वस्तीतील निम्मी दुकाने तीच गिळते. उधारी बुडते हा तिचा लहान दोष. बुडाली नाही तरी ती भांडवलाचे चाक अडवते हा मोठा. पन्नास हजारांचे भांडवल दर पंधरा दिवसांनी मोकळे होत असेल तर ते वर्षात चोवीस वेळा फिरते. दर फेरीला ८ टक्के, म्हणजे चार हजार सुटले, तर वर्षाला ९६ हजार. तेच पैसे साठ दिवसांनी परत येत असतील तर सहा फेऱ्या, आणि हाती २४ हजार. माल तोच, नफ्याचे प्रमाण तेच, मेहनत तीच. नात्यातल्या माणसाला ‘नाही’ म्हणवत नाही, ही अडचण आम्ही ओळखतो. त्यावर एक साधा उपाय दिसला आहे : गल्ल्यावर स्वतः बसू नये, बायकोला किंवा बहिणीला बसवावे. त्या हिशेबाला अधिक पक्क्या असतात.

कर्जाबद्दल शेवटी लिहितो आहोत, कारण त्याची जागा शेवटीच आहे. योजना वाईट नाहीत. मुद्रा योजनेत नव्या उद्योजकाला दहा लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातींसह विशेष प्रवर्गाच्या उद्योजकाला स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात व शहरी भागात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान असते. पण ते अनुदान हातात रोख पडत नाही; बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते व उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जखात्यात वळते होते. हे न समजावून घेता, अनुदानाच्या रकमेवर डोळा ठेवून, न लागणारी यंत्रे घेणाऱ्यांची यंत्रे आज ताडपत्रीखाली आहेत. कर्ज घ्यावे ते हाती आलेली ऑर्डर पुरी करण्यासाठी, दुकानाला काचा लावण्यासाठी नव्हे. दहा हजारांच्या मालावर ज्याने सहा महिने नफा दाखविला, त्याची वही पाहिली तर बँकेचा अधिकारीही वेगळ्या सुरात बोलतो.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की मुलीसाठी स्थळ पाहताना ‘नोकरी पक्की आहे का?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘धंद्याचा हिशेब दाखवता का?’ असेही विचारू लागा. स्पर्धा परीक्षेसाठी शहरात पाच-सहा वर्षे खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला आपण जितका धीर व पैसा देतो, त्याच्या चौथा हिस्सा तरी दुकान मांडणाऱ्या मुलाच्या वाट्यास यावा.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज कार्यालयांत, बँकांत, रुग्णालयांत, कारखान्यांत जबाबदारीच्या जागी आहेत. धाकट्या भावंडांच्या धंद्याला त्यांनी मदत करावी, पण ती सवलत मागून किंवा दयेपोटी दोन नग घेऊन नव्हे. स्वतः घ्याल तेव्हा छापील किंमत रोख द्या आणि उणीव दिसली तर तोंडावर सांगा. त्याहून मोठे काम म्हणजे आपल्या कार्यालयात खरेदी कोण पाहते, पुरवठादारांच्या यादीत नाव कसे लागते, निविदेबरोबर कोणती कागदपत्रे जोडावी लागतात, ही माहिती द्या आणि एका अनोळखी माणसाशी गाठ घालून द्या. पुढे तो माणूस घेईल की नाही, ते मालावर सोडा.

आणि एक किरकोळ वाटेल अशी सूचना. अशा स्मरणिकांतून आपल्या व्यावसायिकांच्या जाहिराती येतात, त्यांत बहुधा ‘हार्दिक शुभेच्छा’, त्याखाली ‘शुभेच्छुक’ म्हणून नाव आणि एक मोठे छायाचित्र असते. हा गृहस्थ काय विकतो, ते वाचणाऱ्याला शेवटपर्यंत समजत नाही. पुढील अंकासाठी जाहिरात देणाऱ्यांनी छायाचित्राच्या जागी चार ओळी द्याव्यात : माल कोणता, किंमत किती, कोणत्या गावापर्यंत पोहोचवता, आणि फोन कोणत्या वेळेत उचलता.